मोटारीचा टायर आणि किसननाना

टायर म्हणजे टायर, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. गोल असतो, काळा असतो, मध्ये भोक असतं. त्यात आणखी काय पाहायचं? दापोडीच्या मोटार-वर्कशॉपात मी स्टोअरचा कारकून होतो. म्हणजे दिवसभर माझ्या अवतीभवती टायरच टायर, आणि तरीही ही समजूत मी शाबूत ठेवली होती. नोकरीत राहून माणूस नोकरीपासून किती अलिप्त राहू शकतो, याचा मी उत्तम नमुना होतो. किसननानांशी माझी खरी ओळख झाली ती या समजुतीपायी.

तसे ते भिंतीपलीकडेच राहत. रेल्वेलाइनीला लागून एक बैठी चाळ होती, तिच्यात आमच्या दोन खोल्या आणि शेजारी त्यांची एक. मूळचे चाकणजवळच्या महाळुंग्याचे. लढाईत इंग्रजांच्या फौजेत होते; फटफटीवरून हुकूम पोचवत इटलीपर्यंत जाऊन आलेले. परत येताना त्यांनी एक खाकी ओव्हरकोट आणि एक वाकडा स्वभाव आणला. ओव्हरकोट पुढे विरला. लढाई संपल्यावर देहूरोडला फौजेच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा नानांनी शेतातला आपला वाटा भावकीला देऊन टाकला आणि एक फटफटी घेतली, साईडकारसकट. गाव हसलं. किसन्यानं जमीन दिली आन् टोपली घेतली, असं पारावर बरेच दिवस चाललं.

टोपली म्हणजे ती साईडकार. फटफटीच्या डाव्या अंगाला जोडलेली, एका चाकाची, एका माणसापुरती, होडीसारखी बैठक. ती कुणासाठी घेतली हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं. नानांचा धाकटा भाऊ सदाशिव. लहानपणी तापात त्याचा उजवा पाय वाळला होता. आईबाप नव्हते. नानांनी वर्कशॉपात फिटरची नोकरी धरली, सदूला दापोडीला आणलं, शाळेत घातलं आणि मॅट्रिक झाल्यावर थेट पुण्याच्या कॉलेजात. रोज सकाळी सदूला उचलून टोपलीत बसवायचं, पायावर घोंगडी टाकायची, पुण्याला सोडायचं आणि भोंग्याच्या आत परत येऊन ड्यूटीवर उभं राहायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि दुसऱ्या कुणी कौतुकानं सांगायला लागला तर त्याला तोडून टाकायचे. "घोडा दाना खातो तर गाडी वढतो. त्यात काय हाय?"

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं एकदा सदूकडे पाहून, "बिचारा, एवढा हुशार, आणि देवानं..." असं म्हटलं. नाना तंबाखू घ्यायला थांबले होते. त्यांनी दुकानदाराला बाहेर बोलावलं, मोठ्या आदबीनं. म्हणाले, "शेट, चला, तुमाला एक चक्कर." शेट खूश. टोपलीत बसण्याची त्यांची जुनीच हौस होती. नानांनी त्यांना पूल ओलांडून खडकीच्याही पुढे नेलं, एका झाडाखाली उतरवलं आणि फटफटी वळवली.

"आता चालत या," म्हणाले. "दोन पाय हायेत तुमाला. बिचारं न्हाई तुमी."

शेट घामानं निथळत परत आले. त्यानंतर महिनाभर नाना तंबाखू कासारवाडीहून आणत होते.

त्यांच्या लग्नाची बोलणी घेऊन गावाकडचे लोक यायचे. पंचवीस एकर ऊस नव्हता, पण नोकरी होती, अंगापिंडानं माणूस घट्ट होता. नाना पाहुण्यांना चहा पाजायचे, मुलीची चौकशी करायचे आणि शेवटी फटफटीकडे बोट दाखवून म्हणायचे, "सीट एकच हाय." पाहुणे चिडून निघून जायचे. मी एकदा म्हटलं, "नाना, मागेही सीट आहे की." माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मी स्टोअरमध्ये काम आहे असं सांगून घरात गेलो. रविवार होता.

तर टायर. सदूची कॉलेजची शेवटची परीक्षा तोंडावर आली आणि फटफटीच्या मागच्या चाकाचा टायर फुटला. ठिगळ लावण्यापलीकडे. फटफटीचे टायर तेव्हा विलायतेहून यायचे, म्हणजे यायचे नाहीत. नानांनी पुणं पालथं घातलं. सदूला बसनं पाठवायला तयार नव्हते; एकदा गर्दीत तो पायरीवरून पडला होता, तेव्हापासून बस हा शब्दही त्यांना चालत नसे.

इथे मी पुढे सरसावलो. टायरखात्यातला माणूस ना मी! "नाना, टायर माझ्याकडे लागला," असं म्हणून मी त्यांच्याकडून चाकाच्या मापाचा आकडा घेतला आणि खडकी बाजारातल्या भंगारवाल्यांकडे गेलो. तिसऱ्याच दुकानात तो आकडा कोरलेला टायर मिळाला. जाडजूड, रबर भरपूर. मी विजयानं तो गळ्यात घालून बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, "राव, हार काढा आणि टपावर टाका." मी काढला नाही. दापोडीपर्यंत उभ्यानं आलो, गळ्यात टायर.

नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी टायर हातात घेतला, फिरवला, खाली ठेवला.

"ह्यो कशाचा?"

"गाडीचा."

"कंच्या गाडीचा?"

गाडी म्हणजे गाडी, असं म्हणणार होतो, पण जीभ आवरली.

"मोटारीचा हाय ह्यो! लढाईच्या आधीच्या बारक्या मोटारीचा. चाक सारखं म्हून काय झालं? कारकून, हितं बघा." त्यांनी जुना फुटका टायर शेजारी ठेवला. "ह्येची पाठ बघा, अंड्यावानी. फटफटी वळताना कलती. कलली तरी रबर रस्त्याला ऱ्हायला पायजे, म्हून ह्येची पाठ गोल. आन् मोटार कधी कलती का? म्हून ह्यो पाटावानी चपटा. सपाट. ह्येच्यावर फटफटी वळवायची म्हंजी म्हसराला नाचवायचं."

मी परत गळ्यात घालायला लागलो. तेवढ्यात टोपलीत बसून वाचत असलेला सदू पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला, "पण दादा, आपली कुठे कलते?"

नाना थांबले. उठून त्या तीन चाकांभोवती फिरून आले. साईडकार जोडली की फटफटी कलत नाही. कलूच शकत नाही. ती मोटारीसारखीच उभ्यानं वळते.

"बसव," असं म्हणून सदूनं पान उलटलं. नाना हसले. त्यांना हसताना मी पाहिलं ते बहुधा तेव्हाच.

ते टायर बसवणं म्हणजे एक कुस्ती झाली. आधी तो उन्हात तापवला. आमच्या हिच्या कपड्यांच्या साबणाची अख्खी वडी पाण्यात विरघळवली, ते पाणी टायरच्या काठाला चोपडलं. नाना दोन लोखंडी पट्ट्यांनी काठ रिममध्ये ढकलायचे, मी समोरून गुडघा रोवून धरायचो आणि काठ माझ्या बाजूनं बाहेर उडायचा. एकदा माझा अंगठा आत गेला. "काढा, काढा!" मी ओरडलो. "आता ऱ्हाऊ द्या," नाना म्हणाले, "बाकीचा गोल बसतोय झ्याक." शेवटी बसला. मग कळलं की तो रुंदीला मडगार्डात मावत नाही. नानांनी मडगार्ड हातोड्यानं ठोकून फाकवलं. मग साखळी एका बाजूला घासायला लागली, तेव्हा चाकात वायसरच्या चकत्या घालून ते सरकवलं. दिवस गेला. आमची ही साबणाबद्दल पुढे दिवाळीपर्यंत बोलत होती.

पण गाडी अशी चालली की बघत राहावं. आधी ती खड्ड्यातून शेपटी हलवायची, ती जागेवर बसली. ब्रेक मारला की जमिनीला चिकटायची. "कशी काय नाना?" मी विचारलं. "रेड्यावानी चालती," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघत नसे. सदू परीक्षा देऊन आला, पहिल्या वर्गात पास झाला आणि पिंपरीच्या अंगाला नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात प्रयोगशाळेत लागला. साहेब म्हणून.

नानांचा दिनक्रम तोच राहिला, फक्त दिशा बदलली. सकाळी पुण्याऐवजी पिंपरी. सदूला बूट-टाय होता, पायावर घोंगडीच्या जागी शाल आली. पहिले काही महिने फटफटी कारखान्याच्या फाटकात जायची, पहारेकरी सलाम करायचा, आणि तो सलाम टोपलीला असला तरी नाना तो स्वतः घेऊन यायचे आणि चाळीत वाटायचे.

मग फटफटी फाटकाच्या अलीकडे थांबायला लागली. मग त्याच्याही अलीकडे, रस्त्याकडेच्या एका बाभळीपाशी. बाभळीपासून फाटकापर्यंत सदू काठी टेकत चालत जायचा. एकदा मी नानांच्या मागे बसून त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा पाहिलं. म्हटलं, "नाना, एवढं लांब का उतरवता?"

"त्याला चालायची सवय लागाय पायजे. डाक्टरनं सांगितलंय."

डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. हेही मला दिसत होतं की सदू आता त्यांना 'अहो दादा' म्हणतो. लहानपणापासून तो 'ए दादा, चल ना' करायचा. चाळीत सगळ्यांना वाटलं, बघा, शिकला आणि वळणही लागलं.

एका संध्याकाळी सदू परत आला तो कुणाच्या तरी मोटारीतून. ओट्यावर बसला. मी माझ्या ओट्यावर दाढी करत होतो, म्हणजे सगळं ऐकत होतो.

"दादा, एक बोलायचं होतं. उद्यापासून तुम्ही नका येत जाऊ. आमच्यातल्या एकांची मोटार याच रस्त्यानं जाते. ते म्हणाले, तुम्ही का त्रास करून घेता."

"मला कसला तरास?"

"तुम्हाला नाही... मलाच." त्यानं टायची गाठ सैल केली. "लोक विचारतात दादा. टांगा आला म्हणतात. ती टोपली काढून ठेवा आता. तुम्हालाही नुसती फटफटी हलकी पडेल."

नानांनी जास्त विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला सुट्टी होती. त्यांनी पाना घेतला आणि एकट्यानं साईडकार सोडवली. चाळीच्या भिंतीला लावून तिच्यावर ताडपत्री टाकली. मी म्हटलं, "आता मागचा टायरही काढायला हवा ना, नाना? आता ती कलणार."

"काडू की. रबर हाय अजून."

रबर खरंच होतं. पण त्यांचं म्हणणं तेवढंच नव्हतं. पुढे ते एकदा बोललेच. "आज काडायचा आन् उद्या सदूला लागली साईडकार, की परत साबन, परत हातोडी. कोन करील ही उचापत?" दर रविवारी ताडपत्री काढून ते टोपलीच्या चाकात हवा भरायचे, सीट पुसायचे. सदू कारखान्याच्या बंगलीत राहायला गेला होता. टोपलीत पुन्हा बसण्याचं त्याच्या मनात नाही, हे चाळीतल्या मांजरालाही कळलं होतं. नानांना कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

त्या टायरवर नुसती फटफटी म्हणजे काय चीज होती, हे मी स्वतःच्या गुडघ्यांवर शिकलो. तळेगावला मेव्हण्याकडे जायचं होतं. मेव्हण्यावर छाप पाडायची म्हणून फटफटी मागितली. नाना म्हणाले, "न्या. पन सरळ जावा." मी ते शुभेच्छा म्हणून घेतलं. सरळ रस्त्यावर मी राजासारखा गेलो. पहिलं वळण आलं, मी अंग टाकलं, फटफटी ढिम्म. चपट्या टायरवर ती तशीच उभी, जशी काही मी तिच्यावर नाहीच. मी आणखी अंग टाकलं, आणखी, आणि टायरच्या कडेवर येताच तिनं एकदम लोळण घेतली. मी कांद्याच्या वाफ्यात, ती माझ्यावर. शेतकऱ्यानं मला आधी कांद्याच्या नासाडीचं विचारलं, मग नाव.

लंगडत परत आलो तर नाना म्हणाले, "वळली न्हाई ना?"

"तुमची कशी वळते मग?"

"माझीबी न्हाई वळत. मी वळवतो."

खरं होतं. प्रत्येक वळणाला ते तिच्याशी झोंबायचे. दात आवळून, डावा पाय रस्त्याला टेकवून. त्यांच्या पोटरीला सायलेन्सरचे डाग पडले होते, कोपर सतत सोललेलं. वर्कशॉपातले फिटर चेष्टा करायचे, "नाना, अजून रबर हाय व्हय?" नाना त्यांना आईवरून उत्तर द्यायचे.

सदूचं लग्न पुण्यात झालं, एका मोठ्या अधिकाऱ्याच्या मुलीशी. सदू आमंत्रण घेऊन आला, वाकून नानांच्या पाया पडला आणि निघताना म्हणाला, "दादा, बसनं या हं. फटफटीवर कपडे खराब होतात." आम्ही बसनं गेलो. नानांना पहिल्या रांगेत खुर्ची होती, अत्तर लावलं, सरबत आलं; कुठे काही कमी नव्हतं. शेजारच्या एका गृहस्थांनी सौजन्यानं विचारलं, "आपण मुलाकडचे? कोण लागता?"

"डायव्हर," नाना म्हणाले.

सदू मागेच उभा होता. त्यानं ऐकलं. मी त्याच्याकडे पाहत होतो. आता पुढे होईल, हात धरेल, काहीतरी म्हणेल. तो हसला. दादांचा विनोद म्हणून हसला, आणि ते गृहस्थही हसले. नाना सरबत प्यायले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी नाना गावी निघाले होते. मला चाकणच्या बाजारातून कांदे आणायचे होते म्हणून मी मागे बसलो. कासारवाडीपुढे नाशिककडचा फाटा लागतो. तिथे वळताना एक बैलगाडी आडवी आली, नानांनी फटफटी एका अंगाला दाबली, ती आधी हट्टानं उभी राहिली आणि मग नेहमीसारखी एकदम आडवी झाली. माझी पॅन्ट अशा ठिकाणी फाटली की मी बसल्या जागचा उठलो नाही. नानांचा पाय फटफटीखाली.

पिंपरीकडून एक मोटार आली आणि थोडी पुढे जाऊन थांबली. मागच्या काचेत सदूचं डोकं दिसलं, शेजारी कुणी टोपीवाले साहेब. मोटारीतून ड्रायव्हर उतरला, पळत आला.

"लागलं का? साहेब विचारतायत."

नानांनी मोटारीकडे पाहिलं. मग त्या ड्रायव्हरकडे.

"त्येंला सांगा, न्हाई."

"नक्की ना? थांबवू का त्यांना?"

"जा बाबा. साहेबांना उशीर व्हईल."

मोटार गेली. सदूला उतरायला त्रास होतो, हे मला मान्य आहे. मी ते तेव्हाही मोठ्यानं म्हणून दाखवलं, आणि नाना म्हणाले, "कारकून, पॅन्ट सांभाळा."

पुढच्याच रविवारी चाळीपुढे मोटार उभी राहिली. सदू, त्याची बायको, आणि टपाला बांधलेला एक कोरा करकरीत टायर. फटफटीचा. गोल पाठीचा. सदूनं तो ओळखीतून मुंबईहून मागवला होता, खटपट करून. त्याची बायको गोड मुलगी होती. तिनं चहा स्वतः केला, "भाऊजी, आमच्याकडे जेवायला याच," असं दोनदा म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. राग धरायला कुठे जागाच नव्हती.

"त्या दिवशी मला फार वाईट वाटलं दादा," सदू म्हणाला. "साहेब बरोबर होते, नाहीतर... म्हटलं, याचं काहीतरी करायलाच हवं. साईडकार नाही तर मोटारीचा टायर ठेवून काय उपयोग? उगाच कुठेतरी पडाल आणि हातपाय मोडून घ्याल. हा बसवून घ्या. माझी काळजी मिटेल."

नानांनी टायर हातात घेतला. अंगठ्यानं दाबून पाहिला.

"चांगला हाय," म्हणाले.

जाताना सदूचं लक्ष भिंतीकडे गेलं. "ही अजून आहे? देऊन टाका ना कुणाला तरी. जागा अडते."

"व्हय. देतो."

मोटार गेल्यावर नानांनी लगेच पाने काढले. मी बाह्या सारून पुढे झालो. "नको," ते म्हणाले. "ह्यो सोपा हाय." खरंच सोपा होता. ना साबण लागला, ना गुडघा. चाकाचा होता तो, चाकात गेला. काढलेला मोटारीचा टायर त्यांनी ताडपत्री उचलून टोपलीच्या सीटवर ठेवला आणि ताडपत्री पुन्हा नीट ओढली. त्या रविवारी त्यांनी टोपलीच्या चाकात हवा भरली नाही.

महिना संपायच्या आत त्यांनी नोकरी सोडली. का, ते सांगितलं नाही. विचारणाऱ्याला "पोट भरलं" म्हणायचे. टोपली भंगारवाला घेऊन गेला. जायच्या सकाळी त्यांनी वळकटी मागच्या सीटवर आवळली, शेटच्या दुकानातून तंबाखू घेतली, मला म्हणाले, "येतो कारकून," आणि निघाले.

आमची ही आणि मी गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. गल्ली संपते तिथे मोठ्या रस्त्याला लागताना काटकोनात वळावं लागायचं. नानांनी वेग कमी केला नाही. पाय टेकवला नाही, दात आवळले नाहीत. नुसतं खांद्यानं किंचित सांगितल्यासारखं केलं, आणि फटफटी अलगद कलली, रस्त्याला लगटून गोल फिरली आणि पलीकडे पुन्हा उभी राहून कासारवाडीच्या दिशेनं गेली.

"अगं बाई!" आमची ही म्हणाली. "काय झोकात वळले!"

मी तिच्या अंगावर असा खेकसलो की ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.